घरातील गरम पाण्याची टाकी : उघडी की बंद?

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



आज मी पिकाविषयी बोलणार नाही, घराविषयी बोलणार आहे. खेड्यापाड्यांतून स्लॅबची घरे झाली, स्लॅबवर सौर बंब आले, न्हाणीघरात गिझर आले. दूधवाल्यांच्या घरी तर कॅन धुण्यासाठीही रोज गरम पाणी लागते. खरेदी करताना आपण किती लिटरचा, केवढ्याचा, हे विचारतो. टाकी हवेला उघडी आहे की पूर्ण बंद, हे मात्र क्वचितच विचारतो. नुकसान होते ते नेमके तिथे.

दोन्ही प्रकार आपल्या ओळखीचे आहेत. आपल्या आजीचा तांब्याचा बंब म्हणजे उघडी टाकी. त्याचे झाकण नुसते ठेवलेले असायचे. पाणी उकळले तरी वाफ वाटेल तिकडून निघून जायची. प्रेशर कुकर म्हणजे बंद टाकी. त्याला शिट्टी असते आणि शिट्टी अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. शिट्टीच्या भोकात चिंधी कोंबून कुकर चुलीवर ठेवणारी बाई मला अजून भेटलेली नाही. पण व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारलेले गिझर मी स्वतः पाहिले आहेत.

पाणी तापले की फुगते. २० अंशांचे २०० लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापले तर सुमारे साडेपाच लिटरने वाढते. एवढ्या पाण्याला जागा हवी. उघड्या पद्धतीत टाकीच्या माथ्यावरून एक नळी वर गेलेली असते. प्लंबर तिला व्हेंट म्हणतात, आपण हवानळी म्हणू. वाढलेले पाणी तीत चढते किंवा थंड पाण्याच्या नळातून वरच्या टाकीकडे परत सरकते. बंद पद्धतीत ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडते किंवा त्यासाठी वेगळे फुगवटा-पात्र बसवलेले असते. २५ लिटरचा गिझर २० वरून ६० अंशांवर गेला की दीड पेल्याहून थोडे अधिक पाणी गळणारच. तो बिघाड नव्हे.

हवानळीचे दुसरे काम फारसे कोणाला ठाऊक नसते. टाकीतून पाणी बाहेर जाताना हवा आत यावी लागते. एका घरी स्लॅबवर ओल येते म्हणून हवानळीला टोपी बसवली होती. वरची टाकी धुवायची म्हणून थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खाली अंगणात कॅन धुण्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडला. टाकीपासून अंगणातल्या नळापर्यंत साधारण ४ मीटर उतार. म्हणजे टाकीच्या प्रत्येक चौरस मीटरवर बाहेरच्या हवेचा ४ टनांपर्यंत भार. पातळ पत्र्याची टाकी रिकाम्या डब्यासारखी चेपून गेली. टोपी जेमतेम काही रुपयांची होती.

आता दाबाचा हिशेब. १० मीटर उंचीचे पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब. वरची टाकी शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब ०.३ किलो. अंघोळीला तो पुरतो. शॉवर शहरातल्या हॉटेलसारखा उडत नाही एवढेच. तेवढ्यासाठी काही जण बोअरचा पंप थेट घराच्या नळाला जोडतात. तो पंप ६० मीटर चढवणारा असेल तर नळ बंद असताना ६ किलो दाब येऊ शकतो. काचेच्या नळ्या रबरी वायसरवर थेट टाकीत बसवलेला साधा सौर बंब हे सोसत नाही. वायसर गळतात, शिवण सुटते.

बंद टाकी जाड पत्र्याची, त्यामुळे महाग असते. तिच्यातले पाणी १०० अंशांवर उकळत नाही. ३ किलो दाबाला ते सुमारे १४३ अंशांवर उकळते. थर्मोस्टॅट चिकटला, व्हॉल्व्हही चिकटला आणि टाकी फाटली तर त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशेपट जागा लागते. भिंत पडायला तेवढे पुरते.

आपल्याकडे अडचण आहे ती बोअरच्या क्षारयुक्त पाण्याची. ज्या पांढऱ्या थराने ठिबकचे ड्रिपर बुजतात तोच थर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर बसतो. पाणी ६० अंशांच्या वर गेले की थर झपाट्याने धरतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, एकमजली घर, वर टाकी आणि बोअरचे पाणी असेल तर उघडीच पद्धत घ्यावी. दाब कमी वाटला तर टाकीचा चौथरा वाढवा, अर्ध्या इंचाऐवजी पाऊण किंवा एक इंची पाईप घ्या, एल्बो कमी करा. तरीही हौस असेल तर गरम पाण्यासाठीच बनवलेला छोटा पंप सौर टाकीच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या नळावर बसवा. टाकी उघडीच राहू द्या. मात्र थंड बाजूला पंप आणि गरम बाजू नुसत्या उतारावर, असे करू नका. मिक्सरमधून थंड पाणी गरम नळात घुसते, उलटे वर चढते आणि हवानळीतून रात्रभर वाहत राहते. मग दोष बंबाला दिला जातो.

दोन-तीन मजली घर असेल आणि टाकी उंच घेता येत नसेल तर बंद पद्धत घ्यायला हरकत नाही. पाटीवर लिहिलेला दाब पाहा आणि पंपाचा जास्तीत जास्त दाब त्याहून कमी असल्याची खात्री करा. थंड नळावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर पाण्याला मागे सरकायची वाट राहत नाही. मग सारी भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर. त्याची नळी दिसेल अशा जागी जमिनीकडे सोडा, तिच्यावर कॉक बसवू नका. दर दोन-तीन महिन्यांनी, हात लांब ठेवून, त्याची दांडी उचलून पाहा. पाणी आले नाही किंवा नंतर थांबले नाही तर व्हॉल्व्ह बदला, त्याच दाबाचा.

हवानळी असणाऱ्यांनी घरी गेल्यावर स्लॅबवर एक फेरी मारावी. नळीचे तोंड वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा निदान एक फूट उंच हवे. गरम पाणी हलके असल्याने ते नळीत थोडे जास्तच चढते. नळीवर कुठेही कॉक नको. तोंडाला बारीक जाळी चालेल, कारण गांधीलमाशीला अशी जागा फार आवडते.