पिंगशीचे उडते कंदील

तैवानची राजधानी तायपेईच्या पूर्वेस, कीलुंग नदीच्या वरच्या खोऱ्यात वसलेला पिंगशी हा डोंगराळ भाग आज उडत्या कंदिलांसाठी प्रसिद्ध असला, तरी त्याला बाहेरच्या जगाशी जोडले ते कोळशाने. जपानी राजवटीत, १९२१ मध्ये, एका खाण कंपनीने कोळसा वाहण्यासाठी घातलेला सुमारे १३ किलोमीटरचा लोहमार्ग खाणी बंद पडल्यावरही टिकला, आणि शिफेन गावात तो दुकानांना इतका खेटून जातो की, गाडी येताच रुळांवरच्या गर्दीला लगबगीने बाजूला व्हावे लागते. येथला कंदील म्हणजे बांबूच्या कड्यावर ताणलेली पातळ कागदाची पिशवी. तिच्या तोंडाशी बांधलेला तेलात भिजवलेला कागद पेटवला की आतली हवा तापून हलकी होते व कंदील वर चढतो. दरोडेखोरांच्या भयाने डोंगरात लपलेल्या कुटुंबांना गाव निर्धोक झाल्याची खूण म्हणून असे कंदील सोडले जात, असे परंपरा सांगते. आता त्यांवर मनोकामना लिहितात. विझलेले सांगाडे मात्र रानात अडकून कचरा होतात, हे सोहळ्याच्या कौतुकात सहसा बोलले जात नाही. प्रवाशाने केवळ कंदील सोडून न परतता शिफेनचा रुंद धबधबा आणि जिंगतोंगचे जपानी काळातील लाकडी स्थानकही अवश्य पाहावे.