मी पाहिलेले तीन सिनेमे

(साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मायबहिणींनो, बाबांनो, आज पाटी बाजूला ठेवा. आज धडा नाही. आज आपण सिनेमाच्या गोष्टी करू. तुम्ही म्हणाल, गुरुजींना या वयात हे काय सुचलं? थोडं थांबा. ऐका तर खरं.

मी काही सिनेमाचा जाणकार नाही. मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पण सिनेमा मला लहानपणापासून आवडतो. निवृत्त झाल्यावर वेळ आहे. गेल्या उन्हाळ्यात मी घरी बसून तीन मराठी सिनेमे पाहिले. ते कसे वाटले, ते तुम्हाला सांगतो. हे माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

आधी जुनी गोष्ट सांगतो. आपल्या देशात 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तो दादासाहेब फाळके यांनी काढला. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, सन १८७०. तो मूकपट होता. म्हणजे चित्रं हलत होती, पण बोलत नव्हती. त्या काळी बाया सिनेमात काम करायला तयार नसत. म्हणून तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. मूकपटात मधून मधून अक्षरांच्या पाट्या येत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची. मग बाकीच्यांना गोष्ट कळे. बघा, सिनेमालासुद्धा अक्षर लागत होतं!

पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला. मराठी सिनेमा बोलू लागला. तो व्ही. शांताराम यांनी काढला होता. हे नाव ध्यानात ठेवा. पुन्हा येणार आहे.

आमच्या लहानपणी आपल्या परभणी जिल्ह्यात खेड्याला थेटर कुठलं? जत्रेत तंबू यायचा. टुरिंग टॉकीज म्हणायचे त्याला. मध्ये पडदा बांधायचे. पुढे जागा मिळाली नाही, की आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसत असू. मागून चित्र दिसे, पण अक्षरं उलटी दिसत. माझे आजोबा म्हणायचे, "आपल्याला उलटी काय अन् सुलटी काय, सारखीच." सगळे हसायचे. आजोबाही हसायचे. त्या हसण्यात दुःख होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता सिनेमाकडे येतो.

पहिला सिनेमा : पिंजरा

'पिंजरा' १९७२ सालचा. काढला व्ही. शांताराम यांनीच. म्हणजे 'अयोध्येचा राजा'नंतर चाळीस वर्षांनी. ७२ साल म्हणजे आपल्याकडे दुष्काळाचं साल. माणसं खडी फोडायला जात होती. सिनेमा कोण बघतो? दुष्काळ सरल्यावर एका जत्रेत मी तो तंबूत पाहिला. आता पुन्हा पाहिला.

गोष्ट अशी. एका गावात एक गुरुजी असतात. फार सज्जन. गाव त्यांना देव मानतं. गावात तमाशा येतो. गुरुजी त्याला विरोध करतात. पण पुढे तेच त्या नाचणाऱ्या बाईच्या नादी लागतात. इकडे एका मेलेल्या माणसाच्या अंगावर गुरुजींचे कपडे सापडतात. गाव समजतं, गुरुजींचा खून झाला. गाव रडतं. त्यांचा पुतळा उभारतं. खरे गुरुजी मात्र तमाशाच्या फडात हलकी कामं करत फिरतात. शेवटी पोलीस त्यांना धरतात. आरोप काय? तर गुरुजींचा खून केला! आपणच गुरुजी आहोत हे ते सांगत नाहीत. गावाचा विश्वास मोडेल म्हणून शिक्षा घेतात.

गुरुजींचं काम डॉ. श्रीराम लागू यांनी केलं आहे. नाचणारी झाली आहे संध्या. दोघांचं काम बघत राहावं असं आहे. लहानपणी मी गुरुजींसाठी रडलो होतो.

आता म्हातारपणी पाहिलं तर मनात दोन गोष्टी आल्या. पहिली अशी, की सगळा दोष त्या बाईवर का? घसरले ते गुरुजी. पाय त्यांचा. मन त्यांचं. दुसरी अशी, की गावाला खोटा पुतळा देऊन काय साधलं? पुतळ्यापेक्षा चुकलेला पण खरं बोलणारा माणूस बरा. मी स्वतः मास्तर. म्हणून हे मला फार टोचलं. का टोचलं, ते पुढे सांगतो.

दुसरा सिनेमा : टिंग्या

'टिंग्या' २००८ साली थेटरात आला. मंगेश हाडवळे यांनी तो काढला. टिंग्या हे एका शेतकऱ्याच्या पोराचं नाव. शरद गोएकर या मुलाने ते काम केलं. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

टिंग्याच्या घरी एक बैल असतो. त्याचं नाव चितंग्या. बैल खड्ड्यात पडतो. त्याचा पाय जायबंदी होतो. पेरणी तोंडावर आलेली. घरावर कर्ज. बाप ठरवतो, बैल खाटकाला विकायचा. टिंग्या बैलाला सोडायला तयार होत नाही. शेजारी एक मुसलमान कुटुंब राहतं. त्यांची आजी आजारी असते. तिला औषधपाणी चालू असतं. टिंग्या विचारतो, आजीला बरी करायची, मग माझ्या बैलाला का विकायचं?

मंडळी, या प्रश्नाला उत्तर नाही. आई गप्प. बाप गप्प. मीही गप्प झालो.

मला या सिनेमात आवडलं ते हे, की यात कोणी दुष्ट माणूस नाही. बाप दुष्ट नाही. त्याचंही बैलावर प्रेम आहे. पण पोळ्याला पुरणपोळी चारणं वेगळं, आणि लंगड्या बैलाला वर्षभर वैरण घालणं वेगळं. हा सिनेमा आला त्यानंतर, २०१५ पासून, आपल्या राज्यात बैल कापायला कायद्याने बंदी झाली. पण कायद्याने दावणीला कडबा येत नाही. लहान शेतकऱ्यापुढचा प्रश्न अजून तोच आहे.

सिनेमा मध्ये जरा लांबतो. पण नातवंडांना जवळ घेऊन बघा. त्यांनी प्रश्न विचारला तर रागावू नका. लेकरू प्रश्न विचारतं तेव्हा ते शिकत असतं.

तिसरा सिनेमा : स्थळ

हा अगदी अलीकडचा. आपल्याकडे ७ मार्च २०२५ रोजी थेटरात लागला. त्याआधी २०२३ साली कॅनडा देशात टोरांटो शहरी दाखवला गेला. तिथे त्याला पुरस्कार मिळाला. काढला जयंत सोमलकर यांनी. गाव आहे चंद्रपूर जिल्ह्यातलं. काम करणारी बरीच माणसं नवखी आहेत. त्यामुळे नाटकीपणा कुठे नाही. आपलंच गाव बघतो आहोत असं वाटतं. कापूस आपलाच. भाव पडलेला, तोही आपलाच.

यात सविता नावाची मुलगी आहे. नंदिनी चिकटे हिने तिचं काम केलं आहे. सविता कॉलेजात शिकते. तिला मोठी परीक्षा देऊन नोकरी करायची आहे. पण घरी तिच्यासाठी स्थळं येतात. पाव्हणे बसतात. पोहे येतात, चहा येतो. सविता पाटावर बसते. मग प्रश्न. नाव काय? शिक्षण किती? उंची किती? पाव्हणे जातात. निरोप येतो, मुलगी सावळी आहे, उंची कमी आहे. पुन्हा दुसरं स्थळ. पुन्हा पाट. पुन्हा तेच प्रश्न. हुंड्याची बोली होते. बाप कापसाच्या पट्टीकडे बघतो आणि खाली मान घालतो.

सिनेमाच्या सुरुवातीला एक गंमत आहे. उलटा प्रसंग दाखवला आहे. बाया बसल्या आहेत आणि मुलाला पाटावर बसवून प्रश्न विचारत आहेत. बघताना मला हसू आलं. माझी सून शेजारी बसली होती. ती हसली नाही.

मग माझंही हसू गेलं. मला माझीच एक गोष्ट आठवली. ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. आज सांगतो.

माझी गोष्ट

१९९० च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा तरुण शिक्षक होतो. गावातले एक शेतकरी मुलासाठी सोयरीक बघत होते. मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही चला. मुलीचं शिक्षण तेवढं तपासा." मला मोठेपणा वाटला. गेलो.

मुलगी आली. पाटावर बसली. चौथी झाली होती. पुढे शाळा बंद. घरात धाकटी भावंडं सांभाळायची, कापूस वेचायला जायचं. मी खिशातून वर्तमानपत्र काढलं. तिच्या हातात दिलं. म्हणालो, "वाच बरं." तिने दोन शब्द वाचले. मग जोडाक्षर आलं. ती अडली. हात थरथरू लागले. मी काय करायला हवं होतं? सोपा शब्द दाखवायला हवा होता. मी मास्तर ना! पण मी वर्तमानपत्राची घडी केली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "वाचता येत नाही."

तिचा बाप माझ्याकडे बघत राहिला.

परत येताना सोयरीक मोडली. मला नंतर कळलं, खरं कारण हुंड्याचं होतं. पण निरोप काय गेला? "मुलीला वाचता येत नाही, गुरुजींनी सांगितलं." माझं नाव पुढे केलं गेलं. मी गप्प बसलो.

आणि एक गोष्ट राहिली. तो नवरा मुलगा स्वतः फक्त सही करू शकत होता. त्याच्या हातात वर्तमानपत्र कोणी दिलं नाही. मीही नाही.

'पिंजरा'तल्या गुरुजींचा पुतळा मला टोचला तो यासाठी. गावात माझंही नाव चांगलं आहे. लोक पाया पडतात. पण त्या मुलीच्या घरी माझं नाव कसं निघत असेल? ती आता पन्नाशीच्या पुढे असेल.

आपल्या वर्गात पहिल्या दिवशी एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, मला पेपर नका देऊ. हात कापतात." त्या बाई त्या नव्हेत. पण मला त्या मुलीचे हात दिसले. म्हणून या वर्गात मी कोणाला सगळ्यांसमोर वाचायला लावत नाही. तुम्ही होऊन वाचता, तेव्हा ऐकतो. आता तुम्हाला त्याचं कारण कळलं.

शेवटचं बोलणं

मंडळी, सिनेमा करमणुकीसाठी आहे हे खरं. पण चांगला सिनेमा आरशासारखा असतो. आपलं तोंड आपल्याला दाखवतो. सिनेमा बघून झाला, की तीन प्रश्न मनाला विचारा. यात खरं किती, रचलेलं किती? यात कोणावर अन्याय झाला? आणि त्या जागी मी असतो तर काय केलं असतं?

सिनेमात दाखवलं म्हणून सगळंच खरं मानू नका. मोबाइलवर येतं ते तर मुळीच मानू नका. विचारा, पडताळा, वाचा.

दोन गोष्टी मात्र कायद्याच्या आहेत. त्या पाठ करा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. हुंडा घेणं गुन्हा आहे, देणं गुन्हा आहे आणि मागणंही गुन्हा आहे. लग्नाला मुलगी अठरा वर्षांची आणि मुलगा एकवीस वर्षांचा पूर्ण झालेला हवा. आपल्या मराठवाड्यात अजून कोवळ्या मुलींची लग्नं लावतात. ऊसतोडीला जायचं, पोर घरी कोणापाशी ठेवायची, म्हणून उरकून टाकतात. आईबापाची अडचण मला कळते. पण त्या पोरीची शाळा तुटते, ती कायमची.

आणि एक विनंती. तुमच्या घरी पाव्हणे आले आणि मुलीला प्रश्न विचारू लागले, तर मुलीलाही दोन प्रश्न विचारू द्या. मुलगा काय शिकला? काय काम करतो? दारू पितो का? लग्नानंतर मला शिकू देईल का? यात कसला अपमान नाही. आयुष्य दोघांचं आहे.

तुम्ही कोणाच्या घरी मुलगी बघायला गेलात आणि सोबत एखादा मास्तर असला, तर त्याला माझी गोष्ट सांगा.

पुढच्या शनिवारी वर्गात पडदा बांधून 'टिंग्या' दाखवायचा विचार आहे. लेकरांनाही आणा. सुरुवातीला पडद्यावर नावं येतात. ती आपण सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचू. एखादं जोडाक्षर अडलं तर अडू द्या. आपण तिथे थांबू. कोणी हसणार नाही.

आणि सगळ्यांनी पडद्याच्या पुढे बसायचं. आता मागे बसायचे दिवस गेले.

राम राम.