रुमालांची गोधडी



कार्तिकात आपली निर्मळची जत्रा भरते. मग पहाटेची थंडी वाजू लागते. पोरांना पांघरूण हवे. त्यासाठी उसने पैसे कशाला काढायचे? पेटीतले जुने सुती रुमाल काढा.

आधी रुमाल धुवा. न धुता शिवले तर नवे कापड मागून आटते, नि गोधडी गोळा होते. विरलेला रुमाल घेऊ नका.

आता हिशोब बघा. रुमाल १२ इंची धरू. शिवणीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जातो. उरले ११. रुंदीला ५ नि लांबीला ७ रुमाल जोडा. ३५ रुमालांत ५५ इंच रुंद, ७७ इंच लांब गोधडी होते.

खाली जुने लुगडे, मध्ये धोतर, वर रुमाल. कमी पडेल तिथे जोड द्या. आधी कच्चे टाके घाला. मग कडेपासून आत धावदोरा घालत या. थर फार घेऊ नका. जाड गोधडी लवकर वाळत नाही, तिला कुबट वास येतो.

कोपऱ्यातल्या रुमालावर दोऱ्याने पोराचे नाव लिहा. आता आपल्याला अक्षर येते ना? वाकडे आले तरी चालेल. पोर ते रोज पांघरील.