बारा हिट, शून्य धावा

एक धावफलक वाचून दाखवतो. २६ मे १९५९, अमेरिकेतलं मिलवॉकी, व्यावसायिक बेसबॉलचा सामना. पिट्सबर्ग : १२ हिट, ० धावा. मिलवॉकी : १ हिट, १ धाव. म्हणजे जिंकलं मिलवॉकी!

सामना असतो नऊ डावांचा. पिट्सबर्गचा पिचर हार्वी हॅडिक्स यानं बारा डावांत सलग ३६ फलंदाज बाद केले. एकही बेसवर पोहोचला नाही. तेराव्यात सहकाऱ्याची फेक चुकली, पुढे जो ॲडकॉकचा फटका बसला आणि सगळं संपलं. हॅडिक्सच्या नावापुढे लागला पराभव. १९९१ मध्ये व्याख्या बदलली, तेव्हा हिट न देणाऱ्या पिचरांच्या अधिकृत यादीतूनही तो गेला.

आकडेवारी कशी वाचावी असं कुणी विचारलं, की मी हाच कागद पुढे करतो. शेवटचा रकाना निकाल सांगतो; खेळ कसा झाला, ते आधीच्या रकान्यांत असतं.