दुसऱ्याचा कोड वाचणारी माणसं



या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात. विषय दिलात ‘सॉफ्टवेअर व्यवसायातील नवनिर्मिती आणि संघकार्य’. हे दोन्ही शब्द प्रत्येक कंपनीच्या रिसेप्शनमागच्या भिंतीवर लावलेले असतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्याने लिहिलेला कोड सांभाळणाऱ्या माणसाबद्दल. आपल्याकडे त्याला ‘सपोर्टला टाकलंय’ असं जरा हळू आवाजात सांगतात. माझं म्हणणं असं, की आपल्या धंद्यात नवं काही टिकतं ते या माणसामुळे, आणि आपण त्याला फार वाईट वागवतो.

उदाहरणार्थ, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी गिट ही प्रणाली आपण सगळेच रोज वापरतो. त्याची जन्मकथाही अनेकांना पाठ असेल. एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्यांना बिटकीपर ही तशीच प्रणाली फुकट वापरता येईनाशी झाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःच नवी प्रणाली लिहायला घेतली आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. इंडक्शनच्या दिवशी नव्या मुलांना सांगायला झकास गोष्ट! पुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. २६ जुलै २००५ रोजी टोरवाल्ड्स यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. मुंबई पाण्याखाली गेली तो हाच दिवस, त्यामुळे ही तारीख आपल्याला तरी विसरता यायची नाही. डिसेंबरात १.० आवृत्ती निघाली ती हमानोंच्या हातून, आणि पुढची दोन दशकं ते हेच काम करत आले.

ते करतात काय? जगभरातून पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, येतात, ते वाचतात. शंका काढतात, परत पाठवतात, पुन्हा आलेला पुन्हा वाचतात. पटला तर तो आधी एका कच्च्या शाखेत जातो. तिथे इतरांच्या बदलांशी त्याचं जमतंय का हे बघायचं. मग ‘नेक्स्ट’ शाखेत काही काळ मुरू द्यायचा, आणि कुणाची तक्रार आली नाही की मुख्य शाखेत घ्यायचा. दर थोड्या दिवसांनी ‘व्हॉट्स कुकिंग’ नावाचं एक पत्रक निघतं. कोणता बदल कुठवर आला, कुणाच्या उत्तरासाठी अडला, कोणता सोडून दिला, हे त्यात एकेका ओळीत असतं. मी ती पत्रकं अधूनमधून वाचतो. टाळी मिळवणारं एकही वाक्य त्यांत सापडत नाही. पण कुणाचं काम कुठे अडलंय हे सगळ्यांना एकाच वेळी, न विचारता कळतं. संघकार्य म्हणजे याहून फार काही असतं असं मला वाटत नाही. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर रस्सीखेच खेळवून ते येत नाही. तिथली कांदाभजी मात्र चांगली असतात.

माणसं वाढवूनही ते येत नाही. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनुभवावरून फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं, की रखडलेल्या प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी रखडतो. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या १० जोड्या होतात, वीस जणांत १९०. ब्रूक्सचं पुस्तक आपल्या मॅनेजरांच्या कपाटात असतं, आणि क्लायंटचा फोन आला की सोमवारी बेंचवरची चार मुलं त्याच प्रकल्पावर हजर असतात. बिलिंग माणशी असल्यावर दुसरं काय होणार? असो.

आपला स्वतःचा इतिहासही बघा. वायटूकेच्या, म्हणजे दोन अंकी सालामुळे २००० साली प्रोग्रॅम चुकतील या भीतीच्या वेळी अमेरिकेतल्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे कोबोल प्रोग्रॅम आपल्या मुलांच्या पुढ्यात आले. लिहिणारे कधीच निवृत्त झालेले, कागदपत्रांचा पत्ता नाही. मुंबईच्या सीप्झमध्ये, पुण्यात पोरांनी ते ओळ न् ओळ वाचले. दोन अंकी साल जिथे उघड लिहिलंय तिथे सापडायचंच. खरी डोकेफोड होती ती तेच साल भलत्या नावाने पुढच्या प्रोग्रॅममध्ये शिरलेलं असायचं तेव्हा. कुठे ९९ हा आकडा साल नसून ‘माहिती उपलब्ध नाही’ अशी खूण असायची. तो दुरुस्त केला तर दुसरीकडे पडझड. या वाचनातून बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना विम्याचा हप्ता कसा ठरतो, बँकेत दिवसअखेरीचा हिशोब कसा मिटतो हे कळलं. माझ्या ओळखीत पुढे ज्यांनी स्वतःची उत्पादनं काढली, त्यांतल्या कित्येकांची शाळा हीच. आणि त्या कामाला आपण मात्र आजवर हमाली म्हणत आलो.

कोड सांभाळणाऱ्या माणसाला एकटं सोडलं तर काय होतं, ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधं साधन; असंख्य लिनक्स यंत्रणांत असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच जण सांभाळत होता. हे बिनपगारी, हौसेचं काम आहे, असं त्याने जाहीरपणे लिहिलंही होतं. मदतीला ‘जिआ तान’ नावाने कुणीतरी आलं, दोनेक वर्षं इमानेइतबारे पॅच पाठवले, विश्वास कमावला आणि मग ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. त्यांचं काम पोस्टग्रेस या डेटाबेसवरचं, एक्सझेडशी त्यांचा काही संबंध नव्हता. एसएसएचने दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांना खटकलं आणि ते खणत गेले. आपल्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘इनोव्हेशन’ला रकाना असतो. हा अर्धा सेकंद कुठल्या रकान्यात भरायचा?

आता तर कोड लिहून देणारी यंत्रं आली आहेत. दुपारी जेवून येईपर्यंत हजार ओळी तयार! त्या वाचणार कोण? ज्याने कधी दुसऱ्याचा कोड धड वाचलेला नाही, तो यंत्राचा काय वाचणार? ज्युनिअर भरती आखडती घेणाऱ्या कंपनीमालकांनी याचा जरूर विचार करावा. वाचायला शिकायची सुरुवात ज्युनिअरच्याच खुर्चीतून होते.

परिषदेच्या पारितोषिकांत नवकल्पनेसाठी एक आहे, नवउद्योगासाठी एक आहे. त्यांत आणखी एकाची भर घालावी, असा लेखी प्रस्ताव मी कार्यकारिणीला दिला आहे. निदान दहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू असलेली प्रणाली, आणि ती मुळात ज्यांनी लिहिली नाही असा चमू, एवढी पात्रता. सादरीकरण करायचं नाही, स्लाइडी आणायच्या नाहीत. परीक्षकांनी त्यांच्या ऑफिसात जाऊन बदलांच्या नोंदी आणि रिव्ह्यूमधली चर्चा स्वतः वाचायची. पारितोषिकाच्या रकमेची सोय होईल, असं कोषाध्यक्ष म्हणाले. अडचण परीक्षकांची आहे, कारण परक्याचा कोड दिवसभर वाचायला सहसा कुणी तयार होत नाही. पहिलं नाव माझं घाला, असं मी सांगून ठेवलं आहे. अजून दोन हवी आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी चहाच्या सुट्टीत मला गाठावं.