आजीची धाप

आपली दोन फुप्फुसं जुळी नाहीत बरं का! उजव्याला तीन खंड, डाव्याला दोनच. हृदयाला जागा द्यावी लागते ना. श्वासनलिकेला फांद्या फुटत जातात, त्यांच्या टोकाला कोट्यवधी वायुकोश.

कर्करोग सोडला, तर फुप्फुसांच्या जुनाट आजारांच्या मुख्य तऱ्हा दोन. दमा किंवा सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अडवणारा जुनाट आजार, यांत नळ्या अरुंद होतात. आत गेलेली हवा बाहेर पडताना अडते. दगडाच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये फुप्फुसच ताठरतं, पुरतं फुगत नाही.

सीओपीडी फक्त विडीवाल्यांना होतो, हा समज चुकीचा. वर्षानुवर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आजीलाही तो गाठतो. चढ चढताना तिला धाप लागत असेल, तर वयावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा, स्पायरोमेट्री या श्वासाच्या चाचणीबद्दल विचारा.