टर्बो गाडी अडखळते तेव्हा



हौसेने बदल केलेली टर्बो गाडी गॅरेजच्या दारात आली, की मालकाचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : "टर्बो गेला वाटतं." पिकअप घेताना गाडी गचका देते, क्षणभर दम सोडते, मग एकदम उसळते. एवढ्यावरून इंजिनातल्या सगळ्यात महागड्या भागाचं मरण जाहीर होतं. पण टर्बो खरोखर जातो तेव्हा तो बहुधा असा मधूनच अडखळत नाही. तो वेगळी शिट्टी काढतो, तेल पितो, निळा धूर सोडतो, नाहीतर सरळ ताकदच देत नाही. गचक्याचं मूळ बऱ्याचदा त्याच्या शेजारीपाजारी असतं : रबरी पाइपच्या जोडात, प्लगच्या फटीत किंवा रिमॅप केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून "काय बिघडलं?" याच्या आधी "कधी बिघडतं?" हे विचारायला हवं.

एक फरक आधीच सांगून टाकतो. टर्बोला फिरवतो तो एक्झॉस्टचा वायू. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून एक अडचण कायम आहे. कमी आरपीएमवर एक्झॉस्टचा वायूच पुरेसा नसतो, म्हणून पाय दाबल्यावर ताकद यायला जरा वेळ लागतो. हा उशीर आहे, बिघाड नाही. मोठा टर्बो बसवलात तर तो वाढणारच. उशिरात गाडी सुस्त असते, पण सरळ जाते. आज आपण बोलतोय ते मिसिंगबद्दल. त्यात गाडी झटके मारते.

आता एक गाडी डोळ्यांसमोर आणा. तीन किंवा चार सिलिंडरचं छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, रिमॅप करून बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवलेला, मूळ फिल्टर काढून बाहेरचा बसवलेला, आणि गिअर बदलताना 'फुस्स' आवाज करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. गावात गाडी शहाण्यासारखी वागते. खंबाटकी घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, की अडीच-तीन हजार आरपीएमला ठसकते.

चढावरच का? तिथे बूस्ट सगळ्यात जास्त असतो आणि आरपीएम मध्यावर, म्हणून सिलिंडरमधला दाब शिगेला पोचतो. स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील, हे फटीच्या अंतरावर आणि तिथल्या दाबावर अवलंबून असतं. दोहोंपैकी काहीही वाढलं की जास्त व्होल्ट लागतात. जर्मन शास्त्रज्ञ पाशेन याने १८८९ मध्ये हा संबंध मोजून दाखवला होता. रिमॅपने दाब वाढवला, फट मात्र तीच राहिली, वर जुना प्लग झिजून ती आणखी रुंदावली. कॉइलची ताकद अपुरी पडते आणि ठिणगी विझते. उपाय स्वस्त आहे : नवे प्लग, आणि फट थोडी कमी. बूस्ट वाढवलेल्या अनेक गाड्यांत ती ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. इरिडियम प्लगचं टोक फार बारीक असतं. फीलर गेज त्यावर रेटून फट रुंदावायला गेलात तर नवा प्लग तिथेच मोडेल.

एकाच सिलिंडरवर संशय असेल तर स्कॅनर लावा. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची पहिल्यावर, आणि पुन्हा चढ चढून या. कोड पी ०३०३ झाला तर दोषी कॉइल. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघायचं. यात एक पैसाही खर्च होत नाही. आणि आधी तीन नव्या कॉइल विकून मग हा प्रयोग करणारा मेकॅनिक भेटला, तर दुसरं गॅरेज शोधा.

प्लग ठीक निघाले तर पाइप. टर्बोपासून इंटरकूलर, तिथून थ्रॉटल, अशी दाबाखालची वाट असते. सिलिकॉनच्या होजच्या आत तेलाचा पातळ थर बसतो. तो होजला आतून निसरडं करतो, आणि जोराचा बूस्ट आला की क्लिपमधून होज केसभर सरकतो. उभ्या गाडीत हे दिसत नाही. म्हणून टर्बोच्या तोंडाला टोपी बसवून गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरने मोजून भरायची. बहुतेक ठिकाणी एक बारच्या आसपास पुरते, उगाच जास्त नको, नाहीतर सील जातील. मग जोडांवर साबणाचं पाणी. पंक्चरवाला टबात ट्यूब बुडवून बुडबुडे बघतो, तसंच हे. सापडलेला जोड पुसून, तेल काढून, कोरडा करून मगच क्लिप आवळा. तेलावरच आवळलेली क्लिप महिनाभरही टिकत नाही.

गळतीचा परिणाम गाडी हवा कशी मोजते त्यावर ठरतो. काही गाड्यांत फिल्टरजवळ हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, सुबारू डब्ल्यूआरएक्समध्ये होता तसा. काहींत फक्त इनटेकमधला दाब मोजतात. पहिल्या प्रकारात मोजून झालेली हवा वाटेत गळली, तरी कॉम्प्युटर पूर्ण हिशेबाने पेट्रोल टाकतो. मिश्रण पेट्रोलने गच्च होतं, काळा धूर, गचका. आपला तो 'फुस्स' करणारा व्हॉल्व्ह नेमकं हेच करतो. मूळ व्हॉल्व्ह हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडतो, हा बाहेर फेकतो. म्हणून प्रत्येक गिअर बदलल्यावर गाडी क्षणभर ठसकते. अशा गाडीत तो काढून मूळ व्हॉल्व्ह परत लावणं हाच इलाज. आवाजाची हौस मी समजू शकतो, पण सेन्सर समजू शकत नाही. जिथे फक्त दाब मोजतात, तिथे हा व्हॉल्व्ह चालून जातो. तिथे पाइप गळत असेल तर टर्बो जास्त जोरात फिरून कसर भरून काढायला बघतो, आणि गळती लपते.

बाहेरच्या फिल्टरचं एका ओळीत सांगतो : त्याच्या नळीचा व्यास वेगळा असेल तर प्रवाहाचा सेन्सर खोटं बोलू लागतो.

मग सॉफ्टवेअर. युरोपात पंपावर ९५ आणि ९८ ऑक्टेनचं पेट्रोल सहज मिळतं आणि तिथले बरेच रिमॅप ९८ गृहीत धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन त्याहून कमी. तो रिमॅप इथे चालवला की इंजिन ठोके देतं, ते सेन्सर ऐकतो, कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो आणि ताकद अचानक कमी होते. मालकाला तो गचका वाटतो. खरं तर ती इंजिन वाचवण्याची धडपड आहे. यात आता २० टक्के इथेनॉलची भर पडली. इथेनॉल ठोक्यांना आवर घालतं, पण त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर ई-२० ला सुमारे १३.५. आधीच काठावर चालणारा इंधन पंप मग पूर्ण बूस्टला दमतो.

हे सगळं अंदाजाने ओळखू नका. मोकळा, सुरक्षित रस्ता, तिसरा गिअर, दोन हजारपासून पूर्ण पाय, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात नोंद करणारा स्कॅनर. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही. मागितलेला बूस्ट जास्त आणि मिळालेला कमी, तर गळती किंवा टर्बोचा बूस्ट आवरणारा वेस्टगेट. बूस्ट बरोबर पण इंधनाचा दाब कोसळतो, तर पंप. दाब बरोबर पण टायमिंग मागे जातं, तर ठोके. सगळं बरोबर दिसतं आणि मिसफायरचे आकडे वाढतात, तर पुन्हा प्लगकडे या. आणि पहाटे तरतरीत असणारी गाडी विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी ढेपाळत असेल, तर ती इनटेकमधली तापलेली हवा आहे. तेव्हा पाना उचलायची गरज नाही.

सगळं मूळ स्थितीत परत नेऊन एकेक बदल पुन्हा लावत जाणं, हा रास्त मार्ग. वेळ लागतो, आणि मालकाला तो आवडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे यातले काही बदल रस्त्यावर चालणारच नाहीत, तेही त्याच वेळी कळतं.

एक शक्यता राहिली. आरपीएमचा काटा झपकन वर जातो पण वेग वाढत नाही, तेव्हा इंजिन निर्दोष आहे. वाढलेला टॉर्क क्लचला पेलत नाही. काही छोट्या टर्बो गाड्यांतल्या सात गिअरच्या ड्राय क्लच ऑटोमॅटिकची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, आणि रिमॅप करताना कोणी हा आकडा विचारत नाही. अशा वेळी बॉनेट बंद करून गिअरबॉक्सवाल्याकडे गाडी न्या.